भट्टी गार करून ये

९ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं त्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा चिमट्यात निखारा धरून देवापुढचा दिवा लावला, हात जोडले आणि पावाची पहिली खेप भट्टीत सारली. तेवढ्यात पोस्टमन दारातूनच ओरडला, "मालक, तुमच्या नावानं डोंगर आलाय!" माझे हात पिठाने भरलेले. त्याला म्हटलं, ठेव तराजूत. त्याने पारड्यात उभं करून ठेवलं आणि गेला.

मी लांबूनच बघत होतो. समुद्रातून वर आलेला एक हिरवागार डोंगर, फुगून वर आलेला पाव मधोमध खचावा तसं त्याचं डोकं खचलेलं, आणि त्या खळग्यात तळं. पायथ्याशी पांढरी घरं, तिळाएवढी. इतकं हिरवं मी कुठे पाहिलेलं नाही. हात पुसून कार्ड उलटलं तर तुझं अक्षर. अजून तसंच उजवीकडे झुकलेलं, वारा लागल्यासारखं. 'इथे ये. भट्टी गार करून ये.' बास. इतक्या वर्षांनी दोन वाक्यं.

खेप करपली. पैलवान धुरातून आला आणि म्हणाला, "मालक, आज कोळसा विकायचाय का?" पैलवान तुला आठवत असेल, आपला पीठ मळणारा. अजून तसाच काडीसारखा आहे. नाव मात्र पैलवानच.

कार्डाच्या मागे तुझ्या अतिथीगृहाचा पत्ता छापलेला आहे, त्यावरून कळलं की तू तिथे चार खोल्या चालवतेस. एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

ही कालपासून माझा वाचायचा चष्मा घेऊन ते चित्र बघते आहे. पोस्टमनने तिला सांगितलं की असला डोंगर आतून पेटलेला असतो. तर म्हणाली, "म्हणजे मी एका भट्टीजवळून उठून दुसऱ्या भट्टीजवळ जायचं? याला सुट्टी म्हणतात होय?" पण दुपारी हळूच विचारलं, "तिथे थंडी वाजते का, विचारा की नणंदबाईंना." लग्नापासून आम्ही कुठे गेलेलो नाही. भट्टी सोडून जाणार कसे? पण तिने विचारलं, म्हणून मीही विचारतो.

तिथली जमीन पायाला गरम लागते का? पाऊस पडला की वाफ येते का? डोंगराला आवाज असतो का, आपल्या भट्टीला पहाटे असतो तसा गुरगुरल्यासारखा? आणि आत आग असताना वर गवत कसं उगवतं? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जातच नाही. मी आयुष्यभर आगीजवळ राहिलो, पण आगीच्या डोक्यावर गवत कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या वाक्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

तुझा,
धाकट्या


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. पैलवानाला वाचून दाखवलं, तो हसता हसता पिठात पडायचा राहिला. 'जमीन एका टोकाला गरम आहे, बाकी नुसती ओली. डोंगर झोपलाय. कधीकधी घोरतो. गवत खूप आहे, त्यावर गायी आहेत. उतारावरून त्या घसरत नाहीत, पाहुणे घसरतात.'

गवताचं उत्तर मात्र तू दिलं नाहीस. ते भूगोलाच्या निवृत्त गुरुजींनी दिलं. ते रोज सकाळी पाव घ्यायला येतात. त्यांना कार्ड दाखवलं तर पाव काखेत मारून तिथेच बाकावर बसले. म्हणाले, "अरे, त्या डोंगरानं ओकलेली राख जुनी झाली की तिच्यासारखी माती नाही. पेरावं ते उगवतं." मी भट्टीतल्या राखेकडे बघितलं. इतकी वर्षं ती आपण परसातल्या खड्ड्यात टाकतो. आपली लाकडाची राख वेगळी, असंही ते म्हणाले. तरी मी एका डब्यात थोडी घेऊन तिच्यात मेथी टाकून बघितली. दोन काड्या आल्या आणि माना टाकून पडल्या.

आपल्या शाळेतला नकाशा आठवतो का? त्याचा समुद्र वाळवीने खाल्ला होता. मला बरीच वर्षं ती भोकं म्हणजेच बेटं वाटायची. एकदा मास्तरांनी विचारलं, बेट म्हणजे काय? मी म्हटलं, जिथून भिंत दिसते ते. मार खाल्ला. तूच मला घरी आणलंस आणि वाटेत एवढी हसलीस की मी रडायचं विसरलो.

तू लिहिलंस की तिथे पाव भांड्यात घालून गरम जमिनीत पुरून भाजतेस. 'लाकूड नाही, राख नाही, पाटी नाही.' यातलं शेवटचं, आपल्या दारावरच्या पाटीवरून, मला लागलं, पण चांगलं लागलं. पाव किती वेळ पुरतेस? वरून कडक होतो का, की वाफवल्यासारखा मऊच राहतो? बाहेर काढल्यावर मातीचा वास येत असणार. नाही येत? मला एक तुकडा चाखायचा आहे. हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटलंय.

तर ऐक. आम्ही यायचं म्हणतोय! बोटीच्या कचेरीत जाऊन आलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एप्रिल संपला की समुद्र खवळतो, मग पावसाळा सरेपर्यंत त्या बेटाला बोट नाही. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या बोटीने. हिने ट्रंक उघडी टाकली आहे. रोज एक वस्तू आत जाते आणि रोज एक बाहेर येते. गरम कपडे दोनदा गेले, दोनदा आले. मी चढायला जाड तळव्याचे बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून भट्टीसमोर घालून उभा राहतो. पैलवान म्हणतो, "मालक, डोंगर इकडेच येतोय वाटतं."

भट्टीची काळजी करू नकोस. पैलवान तिला लाकूड घालत राहील. भाजणार काही नाही, नुसती जागती ठेवेल. म्हणजे तुझंही मन राहिलं आणि आपल्या बापाला, दादांना, दिलेला शब्दही राहिला.

तुझा,
धाकट्या


१ मार्च

ताई,

तीन शब्दांचं कार्ड आलं. 'मग येऊ नकोस.'

हिला दाखवलं नाही. ट्रंक उघडीच आहे.

मी आधी रागावलो, खोटं कशाला सांगू. दोन दिवस पीठ जरा जास्तच आपटून मळलं. मग राग गेला आणि नुसतं नवल उरलं. तू हट्टी आहेस, पण विनाकारण कधीच नव्हतीस. मग एका चुलीसाठी भावाला वाटेतूनच परत का पाठवतेस?

दादा गेले तेव्हा मी उशाशी होतो. त्यांचं शेवटचं बोलणं तुला कुणी कळवलं नसेल. म्हणाले, "पोरा, तिला विझू देऊ नकोस." मी हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काय म्हणणार! तेव्हापासून एकही दिवस आग गेलेली नाही. देवाच्या दिव्याला आपल्या घरी काडेपेटी लागत नाही, हे लोकांना सांगताना मलाही बरं वाटतं. दारावर पाटी आहेच. 'आजोबांनी पेटवली, अजून विझली नाही.' लांबून माणसं येतात, पाटी वाचतात, मग पाव घेतात. गुरुजी म्हणतात की त्यांना पावापेक्षा पाटीच जास्त चविष्ट लागते.

त्या दिवसाबद्दल आपण दोघंही कधी बोललो नाही. वर्तमानपत्राचा माणूस आला होता, गिऱ्हाइकं जमली होती, दादा पाटीखाली उभं राहून त्याला सांगत होते. आणि तू काउंटरमागून हसत म्हणालीस, "दादा, एकदा विझली होती की! मी आत गेले होते." दादांनी तुझ्याकडे बघितलंही नाही. त्या माणसाला म्हणाले, "हिचं मनावर घेऊ नका. लहानपणापासून गोष्टी रचते." सगळे हसले. तू एप्रन काढून खुंटीला अडकवलास. इतक्या हळू, की मला वाटलं जेवायला चाललीस. ती परत आलीच नाहीस.

मी तेव्हा खेप बाहेर काढत होतो. मला खरंच वाटलं की तू थट्टा केलीस. माझ्या डोळ्यांसमोर ती भट्टी एकदाही गार झालेली नाही. मग तू आत गेलीस ती कधी? कशी? आणि का?

आज मी हे पहिल्यांदा विचारतो आहे. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

धाकट्या


२४ मार्च

ताई,

'एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगणार नाही. भट्टीचा गवंडी आहे का अजून?'

आहे. खूप म्हातारा झालाय. मुलीकडे असतो, दारात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या घरांना नावं ठेवतो. कानाने कमी ऐकतो, पण विटा म्हटलं की सगळं ऐकू येतं. मी त्याला रिक्षात घालून भट्टीवर आणलं. तुझं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "बाबा, ही भट्टी गार केली तर तडकेल का?"

त्याने भिंतीला कान लावला, बोटांनी ठोकलं, दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "तडकायची असती तर तेव्हाच तडकली असती."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"तुझ्या वेळी."

मला काहीच कळेना. पैलवान मळायचा थांबला.

"अरे, तुझी आई बाळंतपणाला माहेरी गेली होती ना! तू अडून बसला होतास. तिकडून निरोप आला की बाईचं काही खरं नाही. तुझ्या बापानं हातातली पाव सारायची फळी टाकली आणि तसाच पळाला. थोरल्या पोरीला माझ्या घरी सोडलं. आगीकडं बघतो कोण? परत आला तेव्हा तू हातात होतास आणि ही गार पडलेली. वर आतल्या घुमटाच्या दोन विटा सुटून खाली पडल्या होत्या, पार मागच्या बाजूला. मी आत मावेना. तुझा बाप मावेना. मग ती पोरगी म्हणाली, मी जाते. मी बाहेरून सांगत गेलो, तिनं आतून माती लावली. बाहेर आली ती काळी मांजर! हसत होती. तुझ्या बापानं तिला तसंच उचलून नाचवलं होतं."

मग त्याने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. म्हणाला, "पुढं पाटी लागली. मला म्हणाला, काका, ते तेवढं कुठं बोलू नका. माझं काय जात होतं? नाही बोललो."

मी त्याला पाव बांधून दिले, घरी सोडून आलो आणि परत येऊन भट्टीसमोर बसलो. ताई, मी जन्माला आलो म्हणून ती विझली होती. आणि मीच तिला विझू देत नव्हतो.

पण एक सांगतो, राग मानू नकोस. गवंडी म्हातारा आहे. म्हातारी माणसं दोन गोष्टींची एक करतात. माझा त्याच्यावर विश्वास नाही असं नाही. तरी ऐकलेलं मी आजवर पुष्कळ मानलं. या वेळी मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. तू अट का घातलीस, ते आता थोडं थोडं कळतंय.

धाकट्या


१३ एप्रिल

ताई,

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती दादांची बाजू घेईल, कारण दादांचा तिच्यावर फार जीव होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला इतकी वर्षं एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, "तुला वाटलं?" म्हणाली, "मला नणंदेचा आवाजसुद्धा ठाऊक नाही. मी कुणाला विचारणार?"

देवासमोर बसलो. दादांना हो म्हटलं होतं, ते त्याच्या समोरच म्हटलं होतं. म्हणून त्यालाच विचारलं. तो नेहमीसारखा ऐकत राहिला. पण एक गोष्ट सुचली. दादा गार भट्टी बघून त्या दिवशी रडले नव्हते, तुला उचलून नाचले होते. तो माणूसही माझाच बाप. पाटी लावणारा तेवढाच माझा बाप नव्हे.

गवंड्याला पुन्हा जाऊन विचारलं, विझवायची कशी? म्हणाला, "पाणी मारशील तर जीव देईल. हिला थोडी थोडी उपाशी ठेव." म्हणून आजपासून लाकूड कमी केलंय. उद्या आणखी कमी. मग घालायचंच नाही, तोंड विटांनी बंद करायचं आणि तिची ती निजेपर्यंत हात लावायचा नाही. पैलवानाचे हात सवयीने लाकडाकडे जातात. मी त्याला म्हटलं, घरी जा. तो म्हणतो, "आजाऱ्याला सोडून कसा जाऊ?"

गिऱ्हाइकं विचारतात, पाव का कमी आलेत आज? मी सांगतो, सुट्टीला जातोय. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गुरुजी म्हणाले, "तू? आणि सुट्टीला?" मग कुठे, ते सांगितल्यावर म्हणाले, त्या खळग्यातल्या तळ्याच्या पाण्याचा रंग बघून ये, हिरवा की निळा. शास्त्रज्ञांचं सोड, म्हणाले, तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग.

धाकट्या


१९ एप्रिल

ताई,

भट्टी गार आहे.

काल दुपारी तोंडावरच्या विटा काढल्या. आत हात घातला तर नुसती कोमट, अंगावरून नुकतंच पांघरूण काढल्यासारखी. आज सकाळी तीही ऊब गेली. इतकं शांत वाटलं! पहाटेचा तो गुरगुरणारा आवाज नव्हता. मला जाग आली ती चिमणीच्या आवाजाने. इथे चिमण्या आहेत, हे मला माहीत नव्हतं.

मी बॅटरी घेऊन आत शिरायला गेलो. खांद्यांपर्यंत गेलो आणि अडकलो. पैलवानाने पाय धरून बाहेर ओढलं. म्हणाला, "मालक, पाव व्हायचंय का?" मग तोच आत गेला. त्याच्या त्या काडीसारख्या अंगाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. मी बाहेरून बॅटरी धरली.

"अरे, काय आहे?"

"मालक," तो म्हणाला, "इथं हात आहे."

मला बघायचंच होतं. सदरा काढला, श्वास सोडला, एक खांदा पुढे घालून आडवा सरकत गेलो. अंग खरचटलं. तो बाजूला झाला. घुमटाच्या मागच्या बाजूला दोन विटांमध्ये माती लिंपलेली, भाजून भाजून काळी झालेली, आणि तिच्यात एक पंजा. लहान मुलीचा. बोटं पसरलेली. अंगठा उजवीकडे, म्हणजे डावा पंजा, कारण तू डावखुरी. वर बोटाने काढलेली एक वाकडी रेघ आहे, ती माझ्या मते तू गंमत म्हणून काढलीस.

मी माझा हात त्यावर ठेवला. पूर्ण झाकला गेला. म्हणजे रोज मी जे पाव भाजले, त्या सगळ्यांवर तुझा हात होता.

बाहेर आलो तेव्हा ही दारात उभी होती. माझं काळं तोंड बघून हसायला लागली आणि मग हसता हसता थांबली. तिला कळलं. आत जाऊन ट्रंकेत सगळे गरम कपडे एकदम भरले आणि वर बसून झाकण लावलं. आता ती ट्रंक उघडत नाही.

आंघोळ करून देवापुढे बसलो. निखारा नव्हता. शेजारच्या दुकानातून काडेपेटी आणली. काडी ओढली. दिवा लागला. रोजच्यासारखाच लागला.

मग पाटी उतरवली. मागच्या बाजूला रंगाने लिहिलं आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावली. माझं अक्षर तुझ्यासारखं नाही, पण लांबूनही वाचता येतं. गुरुजी सवयीप्रमाणे पावाला आले. त्यांनी मोठ्याने वाचलं, मागे दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती, तीही ऐकत होती. कुणी हसलं नाही. गुरुजींनी विचारलं, "ती थोरली, ती खरं तेच म्हणाली होती ना तेव्हा?" मी म्हटलं, "हो. तिने सांगितलं होतं."

परवाची बोट आहे. हे पत्र आमच्याच बोटीने येईल, तेव्हा कदाचित मी धक्क्यावर उतरून तुझ्या हातात देईन. पाव आंबवायच्या खमिराची बरणी आणतोय. आजोबांपासूनची आहे आणि ती मात्र खरंच कधी मेलेली नाही, निदान लग्न होऊन ही आल्यापासून तरी, तिला विचारून खात्री केली. तुझ्या गरम जमिनीत त्याचा पाव कसा होतो, ते मला बघायचंय.

पाटीवर काय लिहिलं, ते तुला इथून दिसणार नाही म्हणून उतरवून देतो:

'भट्टी गार आहे. बहिणीकडे गेलो आहे. याआधीही एकदा गार झाली होती. तेव्हा ती दुरुस्त केली, ती याच बहिणीने.'

धाकट्या